वजा तीन

खोपट गावाबाहेर, कुत्र्यांच्या साखळ्यांपासून दोनशे पावलं लांब.
लाकडाचं. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या.
दारात एक खोका:
सुरी, पट्ट्याचं बक्कल, चाव्या,
लोखंड म्हणून अंगावर जे असेल ते इथे उतरवायचं
आणि मगच सुईसमोर जायचं.

उसार्काक सगळं उतरवायचा.
एक तेवढं उतरत नसे:
विसाव्या वर्षी, वॉलरसच्या शिकारीत,
हारपूनचं टोक मोडून मांडीत राहिलेला तुकडा,
बोराच्या बीएवढा.
डॉक्टर म्हणाला, राहू दे, आता तो तुझाच.
म्हणून तो रोज त्याच एका फळीवर उभा राही,
आकडा वाची, आणि पुढे लिही:
वजा तीन. मी.

काय बघतोस एवढं, शेजारीण विचारी.
जूनमध्ये काणाकला रात्र नसते.
दावणीला बांधल्यासारखा सूर्य नुसता गोल फिरतो.
उत्तरेचे दिवे म्हणाल, तर ते आम्हाला दक्षिणेला दिसतात,
आम्ही त्यांच्याही पलीकडे राहतो;
उन्हाळ्यात तर तेही नाहीत.
निळं, कोरडं, रिकामं आभाळ.

सुई म्हणते, रिकामं नाही.
शंभर-सव्वाशे किलोमीटर वर,
जिथल्या हवेला हवा म्हणायलाही संकोच वाटावा,
तिथे उन्हानं फोडलेल्या कणांतून
वीज वाहते, ध्रुवाला धरून, घाण्यासारखी.
आणि घाणा कुठल्या अंगानं फिरायचा
ते ठरतं वाऱ्यावर. आपल्या वाऱ्यावर नव्हे.
पंधरा कोटी किलोमीटरवरून
चुंबकाचे धागे ओढत येणारा सूर्याचा वारा,
तीन-चार दिवस चालून पृथ्वीपाशी पोचतो
तेव्हा त्याचे धागे कधी या कुशीवर कललेले असतात,
कधी त्या.
तेवढ्यानं.

हे त्याला फार पुढे कळलं,
कोपनहेगनहून आलेल्या थोर्किलनं
मिठाच्या डब्याभोवती बोट फिरवून दाखवलं तेव्हा.
त्याआधीच्या वह्यांत त्याच्याच खुणा आहेत.
दुपारी सुई जराशी खाली: उजवा दिवस.
दुपारी सुई जराशी वर: डावखुरा.
आठवडाभर उजवे, मग आठवडाभर डावखुरे, मधूनच गोंधळ,
आणि सत्तावीस दिवसांनी जवळपास तीच रांग पुन्हा.
"वर कोणीतरी कूस बदलतंय," तो म्हणे,
"झोप न लागलेलं."

याचा नार्व्हलशी काय संबंध, गावानं विचारलं.
त्यानं सरळ सांगितलं, काही नाही.
उजव्या दिवशीही नार्व्हल येत नाहीत
आणि डावखुऱ्याही दिवशी येत नाहीत.
येतात तेव्हा येतात.

शेवटचे दोन हिवाळे डोळे गेले.
मुलगी, तुकुम्मेक, सुई वाची,
तो फळीवर उभा राहून ऐके,
ती लिही, तो म्हणे: आणि मी.

मार्चमध्ये तो गेला. तुकडा घेऊनच गेला.
जमीन गोठलेली, वर दगड रचले.
दुसऱ्या दिवशी ती खोपटात एकटी.
तिच्या अंगात लोखंड नाही.

जूनच्या मध्यावर थोर्किलचं पत्र आलं:
मार्चपासून आकडे तीनानं कमी येतायत.
खांब खचलाय का? यंत्राला कोणी धक्का दिला का?

तिनं खांबाला पाणसळ लावून पाहिली.
बिजागऱ्या पाहिल्या. खोका उलटा केला,
एक जुनी सुई निघाली, शिवणाची, गंजलेली,
क्षणभर वाटलं, हीच.
पण खोका दाराबाहेर होता, नेहमीसारखा.
मग वही उघडली.
प्रत्येक ओळीच्या शेवटी, तिच्याच अक्षरात:
वजा तीन.
"मी" तेवढं लिहिलेलं नव्हतं.

सापडलं, तिनं कळवलं. दुरुस्त करून पाठवते.
नव्वदएक ओळी, एकेक खोडत.
बाहेर कुणी कायाक खडकावरून ओढत नेत होतं,
कुत्री त्याच्यावर भुंकत होती.
दुपार झाली. ती फळीवर उभी राहिली,
त्याच फळीवर, पायाखाली झिजलेला खळगा.
सुई जराशी वर गेली.

आकडा लिहिला. पुढे काही नाही.
डावखुरा, एवढंच.